नव्या मेहताजीला कामाचा कागद लिहून द्या

भिवंडीच्या धंद्यात कागदाचे मोल कोणाला सांगायला नको. सूत उतरले की चलान, ताके निघाले की चलान, मजुरी दिली की वहीत सही. हा कागद जपणारा मेहताजी चोख असेल तर मालक निर्धास्त झोपतो. आता हा कागद बराचसा ई-मेलवर आला आहे. मुंबईच्या पेढीची ऑर्डर, सुताचे भाव, जीएसटीचे बिल, बँकेची सूचना, सर्व एकाच पेटीत पडते. ही पेटी सांभाळायला ‘एआय एजंट’ नावाचा नवा मेहताजी बाजारात आला आहे. तो पत्रे शोधतो, वाचतो, उत्तराचा मसुदा करतो आणि मुभा दिली तर पाठवूनही देतो.

आमचा या नव्या साधनाला विरोध नाही. पण किल्ल्यांचा जुडगा हाती देण्यापूर्वी कोणती किल्ली कोणत्या कुलपाची, हे लिहून दिले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याचे कारण या मशीनच्या कामाच्या रीतीत आहे. शोधणे, वाचणे, पाठवणे, बाजूला ठेवणे, मिटवणे अशी वेगवेगळी साधने एजंटला जोडून दिली जातात. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने ‘एमसीपी’ नावाची पद्धत जाहीर केली. तीत प्रत्येक साधनाचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला कोणती माहिती पुरवायची, हे लिहिलेले असते. एजंट ते वाचूनच कोणते साधन उचलायचे ते ठरवतो. आपला जुना मेहताजी न सांगताही जाणतो की मालकाला विचारल्याशिवाय भाव द्यायचा नाही. मशीनला ते लिहून दिले नाही, तर ते माहीत असेलच असे नाही.

दोन उदाहरणे घ्या. जीमेलला एखाद्या प्रोग्रॅममधून पत्रांची यादी मागितली, तर वेगळे न सांगितल्यास एका वेळी १०० आणि जास्तीत जास्त ५०० पत्रेच मिळतात. पुढची यादी पुन्हा मागावी लागते. ही गोष्ट वर्णनात नसेल तर एजंट पहिली शंभर पत्रे पाहून ‘त्या पार्टीची तक्रार आलेली नाही’ असे बेधडक सांगेल.

दुसरे उदाहरण ‘साफसफाई’चे. अर्काइव्ह केलेले पत्र फक्त समोरून हटते, शोधल्यास सापडते. कचरापेटीत टाकलेले पत्र जीमेलमध्ये ३० दिवसांनी कायमचे जाते. दोन्ही साधनांच्या वर्णनात नुसते ‘पत्र काढून टाकते’ एवढेच लिहिले, तर मशीनने फरक कसा ओळखावा?

हा फरक पैशाचा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे खरेदीदाराने सूक्ष्म व लघु कारखानदाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यायचे असतात, आणि ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. खरेदीदाराने माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली, तर ती दूर केली त्या दिवसापासून मोजणी होते. अशी हरकत ई-मेलने आली आणि एजंटने ती जाहिरातींच्या ढिगात सारली, तर आपण तारखा मोजत बसू आणि समोरची पार्टी कागद दाखवील.

पाठवण्याचे साधन तर सर्वांत जोखमीचे. ‘मशीनने पाठवले, मी नाही’ असे म्हणून सुटका होणार नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ११ वे कलम सांगते की आपण किंवा आपल्या वतीने बसवलेल्या, आपोआप चालणाऱ्या यंत्रणेने पाठवलेला इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज आपलाच मानला जातो. ट्रायमेक्स विरुद्ध वेदान्त या खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ई-मेलवर पक्का झालेला करार बंधनकारक ठरवला. तेव्हा एजंटने ‘भाव मंजूर’ लिहिले, तर तो शब्द तुमचा समजा.

आणखी एक खबरदारी. आलेले पत्र ही माहिती आहे, हुकूम नव्हे, हेही लिहून द्यावे. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कोपायलटमध्ये ‘इकोलीक’ नावाची त्रुटी उघड झाली. पत्रात दडवलेल्या सूचनांमुळे आतली माहिती बाहेर जाऊ शकत होती. कंपनीने ती दुरुस्त केली. पण केवळ लिहिण्यावर न विसंबता, जे साधन लागत नाही ते जोडूच नये, हा धडा घेण्यासारखा आहे.

व्यापारी बंधूंनो, हे वर्णन सॉफ्टवेअर बसवणारा लिहील, पण वाचून घ्यायचे काम मालकाचे. प्रत्येक साधनासाठी त्याला चार गोष्टी विचारा: ते काय करते, काय करत नाही, केलेले परत फिरवता येते का, आणि कोणत्या वेळी मालकाला विचारून थांबायचे. उत्तरे सोप्या भाषेत लिहून घ्या. सुरुवातीला शोधणे, वाचणे आणि मसुदा एवढेच चालू ठेवा. पाठवणे व मिटवणे आपल्या बोटाखाली ठेवा. नव्या माणसाच्या हाती आपण पहिल्याच दिवशी तिजोरी देत नाही. या मेहताजीलाही तोच नियम लावावा.