डेटा सेंटर आता कारखान्यात बनतंय, आपले कारागीर कुठे आहेत?

ऐरोलीहून महापेकडे जाताना खिडक्या नसलेल्या उंच इमारती दिसतात. छतावर कूलिंगच्या यंत्रांची रांग, मागे जनरेटर, गेटवर कडक पहारा आणि आत माणसं फारशी नाहीत. ही डेटा सेंटर्स. आपण फोनवरून पैसे पाठवतो, मुलांचा निकाल पाहतो, सौदीतल्या भावाशी व्हिडिओवर बोलतो, त्यातलं बरंचसं काम अशाच कुठल्या तरी इमारतीतल्या सर्व्हरवर होतं. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, म्हणून हा धंदा इथे वाढला आणि अजून वाढतोय.

जानेवारी २०२५ मध्ये दावोसला अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेसने महाराष्ट्रात ८.३ अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. त्यातून वर्षाला सरासरी ८१,३०० रोजगारांना आधार मिळेल, असा कंपनीचा अंदाज आहे. मोठा आकडा ऐकला की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया येतात. एक म्हणते, चला, मुलांना नोकऱ्या मिळणार. दुसरी म्हणते, हे आपल्यासाठी नाहीच. आम्हाला दोन्ही घाईच्या वाटतात. घोषणा नीट वाचली तर हे रोजगार स्थानिक पुरवठा साखळीतले आहेत, म्हणजे बांधकाम, देखभाल, अभियांत्रिकी, टेलिकॉम वगैरे. इमारत चालू झाल्यावर आत काम करणारी माणसं थोडीच लागतात. खरं काम आहे ते उभारणीत आणि देखभालीत. आणि नेमकी ही उभारणीच आता बदलते आहे.

आधी डेटा सेंटर कसं बनायचं? जमीन घ्यायची, इमारत बांधायची, मग एकामागून एक ठेकेदार आत यायचे. एक वायरिंगचा, एक डक्टिंगचा, एक पाइपिंगचा, एक आग विझवण्याच्या यंत्रणेचा. पहिल्याचं काम रखडलं की दुसरा बसून राहायचा. सगळं मिळून दीड-दोन वर्षं सहज जायची.

मॉड्युलर पद्धतीत इमारतीचे अवयव कारखान्यात तयार होतात. एका मॉड्यूलमध्ये वीज: ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर, यूपीएस, बॅटऱ्या. दुसऱ्यात कूलिंग: पंप, पाइप, व्हॉल्व्ह. तिसऱ्यात सर्व्हरची कपाटं, म्हणजे रॅक. इकडे साइटवर पाया भरला जातो, तिकडे कारखान्यात मॉड्यूल जोडलं जातं, दोन्ही एकाच वेळी. मॉड्यूल गेटबाहेर पडण्याआधी त्याची चाचणी होते. खरे सर्व्हर नसतात म्हणून लोड बँक, म्हणजे मोठे हीटर लावून तेवढी उष्णता तयार करतात आणि यंत्रणा तग धरते का ते पाहतात. मग ट्रेलरवर चढवून साइटवर न्यायचं, क्रेनने ठेवायचं, वीज आणि पाण्याची जोडणी करायची आणि पुन्हा तपासायचं. वेळ वाचतो तो इथेच.

ही कल्पना नवी नाही. २००६ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने जहाजावरच्या वीस फुटी कंटेनरमध्ये अख्खं डेटा सेंटर बसवून दाखवलं होतं. २००९ मध्ये गूगलने उघड केलं की त्यांचं एक सेंटर २००५ पासून ४५ कंटेनरवर चालू आहे आणि एकेका कंटेनरमध्ये १,१६० सर्व्हर आहेत. आता कंटेनर असलाच पाहिजे असं नाही. मोठ्या पक्क्या इमारतीतही विजेचा आणि कूलिंगचा भाग लोखंडी सांगाड्यावर तयार होऊन येतो, त्याला स्किड म्हणतात. एआयमुळे सगळ्यांना घाई आहे, म्हणून ही पद्धत जोर धरते आहे.

यात आपला काय संबंध? एक साधा हिशेब करू. सर्व्हर जेवढी वीज खातो, तेवढी जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. एसीचा एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता काढण्याची ताकद. एक मेगावॅटचं छोटं डेटा सेंटर थंड ठेवायचं तर सुमारे २८५ टन लागतात. घरात लावतो तसे दीड टनाचे १९० एसी, रात्रंदिवस, बारा महिने. एआयसाठीच्या नव्या रॅकची गोष्ट तर आणखी पुढची. एनव्हिडियाचा अलीकडचा एक रॅक एकटाच सुमारे १२० किलोवॅट खातो. एका कपाटासाठी जवळपास ३४ टन! एवढी उष्णता नुसत्या हवेने निघत नाही. म्हणून पाइपमधून थंड द्रव थेट चिपपर्यंत नेतात.

म्हणजे या ‘हायटेक’ धंद्याच्या पोटात काय आहे? पाइप, ब्रेझिंग, वेल्डिंग, प्रेशर टेस्ट, केबल, पॅनेल, पत्र्याचं काम. मुंब्रा, कौसा, भिवंडी, कुर्ला, मालेगाव, मोमिनपुरा, कुठल्याही मोहल्ल्यात जा, हे हुनर जाणणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. नायट्रोजन भरून गळती कशी शोधायची, व्हॅक्यूम किती वेळ धरायचा, हे आपल्या एसीवाल्या पोराला पुस्तकात वाचावं लागत नाही. उस्तादाच्या हाताखाली चार उन्हाळे काढून तो ते शिकलाय.

पण खरी अडचण इथेच सुरू होते. काम साइटवर होतं तेव्हा ठेकेदाराच्या ओळखीने शिरता येत होतं. "अमक्याचा भाचा आहे, हात चांगला आहे," एवढं पुरायचं. काम कारखान्यात गेलं की ओळख गेटवरच थांबते. तिथे रोज तेच मॉड्यूल, त्याच मापाने, त्याच ड्रॉइंगप्रमाणे बनवायचं असतं. कुठला सांधा कुणी मारला, कुठला बोल्ट किती ताकदीने आवळला, याची नोंद राहते. विचारलं जातं ते प्रमाणपत्र, परवाना, चाचणीचा निकाल.

हा नुसता बाबूगिरीचा हट्ट नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्सच्या स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. पाच मजली इमारत खाक झाली आणि शेजारच्या, कंटेनर जोडून बनवलेल्या सेंटरच्या बारापैकी चार खोल्या गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या देजॉन शहरात सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग भडकली आणि सहाशेहून अधिक शासकीय यंत्रणा बंद पडल्या. एक चुकीची जोडणी, एक न तोडलेला वीजप्रवाह, आणि देशाचा कारभार थांबतो. मॉड्यूलमध्ये तर बॅटऱ्या, केबल, पाणी सगळं दाटीवाटीने असतं. अशा ठिकाणी ‘हात चांगला आहे’ यावर कुणी भरवसा ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. त्या पॅनेलसमोर उभा राहणाऱ्याचा जीवही त्यातच असतो.

सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवलं होतं की मुस्लिम कामगारांमध्ये स्वतःच्या छोट्या धंद्यावर जगणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे आणि नियमित पगारी नोकरीत ते कमी आहेत. याचा साधा अर्थ असा की आपल्याकडे हुनर आहे, पण हुनराचा कागद नाही. नाव पाहून दार बंद होतं, ही तक्रार आपल्या घराघरांत आहे आणि ती सगळी खोटी नाही. कागदाने तो प्रश्न मिटतो असं आम्ही म्हणत नाही. पण कागदच नसेल, तर नकार देणाऱ्याला दुसरं कारण शोधावंच लागत नाही.

मग करायचं काय? घरात आठवी-दहावीचं मूल असेल तर आयटीआयचा विचार गांभीर्याने करा, ‘नापास मुलांची जागा’ म्हणून नको. वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा आहे आणि त्याला आठवी पास चालतं. इलेक्ट्रिशियन आणि रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंग हे दोन वर्षांचे. नंतर कारखान्यात अप्रेंटिसशिप करता येते, त्यात विद्यावेतन मिळतं आणि मुख्य म्हणजे कारखान्याची शिस्त अंगवळणी पडते.

जे आधीच दहा वर्षं काम करतायत, त्यांनी काय पुन्हा शाळेत बसायचं? तशी गरज नाही. आधीपासून असलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारच्या कौशल्य योजनेत आहे, तिला आरपीएल म्हणतात. वायरिंग करणाऱ्याने राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा वायरमन परवाना घ्यावा. वेल्डरने पाइपची सिक्स-जी चाचणी द्यावी. आखाती देशांत जाऊन आलेल्या आपल्या चाचा-मामांना ती चांगलीच ठाऊक आहे, कारण तिच्याशिवाय तिथे मोठ्या साइटवर टॉर्च हातात देत नाहीत.

आखाताचा विषय निघालाच आहे तर तेही पाहू. रत्नागिरी, रायगडच्या कितीतरी घरांत एक पिढी तिकडच्या डक्टिंगवर आणि वेल्डिंगवर वाढली. आता अबुधाबीत एक गिगावॅटचं एआय डेटा सेंटर उभं राहतंय, सौदी अरेबियाने मे २०२५ मध्ये त्यासाठी ‘ह्युमेन’ नावाची कंपनी काढलीय. तिकडे जाणाऱ्या मुलाला हेच काम दिसणार आहे. जो नुसता ‘हेल्पर’ म्हणून जाईल तो हेल्परच्या पगारावर राहील, जो कागद घेऊन जाईल त्याचा पगार वेगळा असेल. हा फरक आपल्या वडीलधाऱ्यांनी स्वतः सोसलाय.

मुलींनाही यातून वगळू नका. पॅनेलचं वायरिंग, ड्रॉइंग, संगणकावरचं थ्री-डी डिझाइन, चाचणीच्या नोंदी, ही कामं छताखाली, ठरलेल्या वेळेत होतात. उन्हातल्या साइटपेक्षा इथे त्यांना शिरणं सोपं आहे. पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकल घेणारी मुलगी घरात असेल तर तिला मागे ओढू नका.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मॉड्युलर पद्धत म्हणजे थोड्या माणसांत जास्त काम, त्यामुळे साइटवरचे रोजंदारीचे दिवस कमी होणार. हे कारखाने आपल्या शहरांच्या दारातच येतील याचीही खात्री नाही, तयार मॉड्यूल परराज्यातून किंवा परदेशातूनही येऊ शकतं. सगळी डेटा सेंटर्स अशी बनणारही नाहीत, कारण ट्रेलरवर मावेल आणि पुलाखालून जाईल तेवढंच मॉड्यूल करता येतं. म्हणून कुणी क्लासवाला ‘डेटा सेंटर कोर्स, शंभर टक्के नोकरी’ म्हणून हजारो रुपये मागत असेल तर सांभाळून. वेल्डिंग, वायरिंग आणि कूलिंग शिकलेल्या माणसाला डेटा सेंटर नाही मिळालं तरी हॉस्पिटल, मॉल, मेट्रो, कोल्ड स्टोरेज आहेच. पक्का हुनर वाया जात नाही.

आपल्या संस्था दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करतात. चांगली गोष्ट आहे. यंदा त्याच हॉलमध्ये एक रविवार एसी, वायरिंग आणि वेल्डिंगवाल्यांसाठीही ठेवा. जवळच्या आयटीआयच्या शिक्षकांना बोलवा, परवान्याचे अर्ज तिथेच भरून घ्या, फी परवडत नसेल त्याची जमातीतून सोय करा. जेवढे अर्ज त्या दिवशी भरले जातील, तेवढ्या घरांची रोजी पुढच्या गेटवर अडणार नाही, इन्शाअल्लाह.