पाडण्यासाठीं बांधलेल्या भिंती

सेवाशिबिरें भरविण्यांत आमचीं जवळजवळ पंचवीस वर्षें गेलीं. तेव्हां त्यांच्याविषयीं चार कठोर शब्द बोलण्याचा अधिकार आम्हांस आहे, असें आम्ही समजतों. गेल्या हिंवाळ्यांत आमच्या महाविद्यालयाचें शिबिर माढा तालुक्यांतील मोडनिंब येथें होतें. पुणें-सोलापूर हमरस्त्यावरचें हें गांव. कुर्डुवाडीहून पंढरपुराकडे जाणाऱ्या आगगाडीचें येथें स्थानक आहे. सात दिवसांत आमच्या मुलामुलींनीं रस्ते झाडले, झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू फांसला, दोन शोषखड्डे खणले आणि रोज संध्याकाळीं एकेक व्याख्यान ऐकलें. शेवटीं नारळ, शाल, आभार आणि छायाचित्र. यांत खोटें कांहीं नव्हतें. मुलें मनापासून राबलीं. परंतु आम्ही उतरलों होतों त्या शाळेमागच्या वस्तींत एक अर्धवट घर होतें, आणि रोज सकाळीं झाडू घेऊन आम्ही त्याच्यासमोरूनच जात होतों, हें आमच्या लक्षांत सहाव्या दिवशीं आलें.

तें एक सरकारी घरकुल होतें. भिंती दाराच्या चौकटीइतक्या चढून थांबलेल्या; आंत कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या; समोर पत्र्याच्या आडोशांत एक विधवा बाई आणि तिचा मुलगा. हप्ता आला, त्यांतून विटा व सिमेंट आलें, कांहीं दिवस गवंडीही आला. मग हातचा पैसा संपला आणि गवंडी दुसऱ्या कामावर गेला. त्याला तरी कोणत्या तोंडानें दोष द्यावयाचा? त्यालाही घर आहे.

हिशेब कोणीही करून पाहावा. प्रधानमंत्री आवास योजनेचें ग्रामीण रूप २०१६ सालीं सुरू झालें, तेव्हां सपाट प्रदेशांतील घरास १ लक्ष २० हजार रुपये आणि किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारें २६९ चौरस फूट, असें ठरलें. शौचालयाचे १२ हजार निराळे, आणि रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी निराळी. पण ही मजुरी अकुशल कामाची, गवंड्याची नव्हे. भागाकार केला तर चौरस फुटास साडेचारशें रुपयेही पडत नाहींत. या भावांत घर बांधून देणारा ठेकेदार वाचकांपैकीं कोणास भेटला असेल, तर त्याचा पत्ता आम्हांस अवश्य कळवावा. पुढें राज्य सरकारनें आपली भर घातली हें खरें. पण सिमेंट, लोखंड आणि मजुरी हींही कांहीं स्वस्थ बसलीं नाहींत.

परततांना आम्ही जिल्ह्यांतील एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत थांबलों. आमचा एक जुना विद्यार्थी तेथें निदेशक आहे. गवंडीकामाचा वर्ग चालू होता. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांनीं दीड विटेची भिंत रचली होती. कोंपरा गुण्यांत बरोबर, आणि ओळंबा सोडून पाहिला तर भिंत केसभरही कललेली नाहीं. निदेशकानें ती तपासली, गुण मांडले, आणि मग त्याच पोरांनीं ती पाडली. सांधे मातीच्या गाऱ्याचे होते. विटा खरवडून पुन्हां थप्पीस लागल्या. उद्यां दुसरी तुकडी त्यांचीच भिंत रचणार आणि पाडणार. आम्हीं विचारलें तेव्हां निदेशक म्हणाला, "सर, रोज नवीन माल कोठून आणूं? आणि चुकणाऱ्यानें चुकावें तरी कोठें?" दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शिकाऊ हातानें पहिल्या दहा भिंती पाडण्यासाठींच बांधाव्या. पण अकरावी? वर्ष सरतें, प्रमाणपत्र हातीं पडतें, आणि ज्यानें आपली एकही भिंत उभी राहिलेली पाहिली नाहीं, असा मुलगा गवंडी म्हणून जगांत शिरतो.

आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, ती अकरावी भिंत मोडनिंबास बांधली जावी आणि आमच्या शिबिरानें तिला विटा पोंचवाव्या.

हें आम्हीं सहकाऱ्यांच्या एका बैठकींत मांडलें. एक विद्वान गृहस्थ तत्काळ म्हणाले, "आपलीं मुलें काय विटा वाहायला आलीं आहेत?" प्रश्न अगदीं प्रामाणिक होता, म्हणूनच तो भयंकर आहे. झाडाला चुना फांसणें ही सेवा आणि वीट उचलणें हा कमीपणा! हा भेद कोठून आला? चुना फांसतांना आमच्या मुलावर कोणाचा हुकूम चालत नाहीं. घर बांधूं लागल्याबरोबर मात्र बी. ए. च्या वर्गांतील मुलाला गवंडीकाम शिकणाऱ्या पोराच्या हाताखालीं उभें राहावें लागतें. तो 'माल आण' म्हणाला कीं माल आणावयाचा, 'विटा भिजव' म्हणाला कीं भिजवावयाच्या. अडचण विटेच्या वजनाची नाहीं, या उलट्या उतरंडीची आहे. पाथरवट, वडार, बेलदार, सुतार यांच्याकडून आपले वाडे आणि देवळें बांधून घ्यावयाचीं, आणि काम संपल्यावर त्यांनाच ओसरीवर बसूं द्यावयाचें नाहीं, ही ज्या समाजाची रीत, त्याच्या लेकरांना एक आठवडा तरी या उतरंडीच्या तळाशीं राहूं द्यावें. गांधीजींनीं १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंत हस्तोद्योगांतून शिक्षणाची योजना मांडली. आपल्या वर्गाच्या शाळांतून ती कोठें रुजली? कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढून श्रम आणि शिक्षण यांची सांगड घातली. त्यांच्या तसबिरीस हार घालणाऱ्या आम्हां प्राध्यापकांनीं घमेलें कितीदां उचललें, हें न विचारलेलेंच बरें.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. शिकाऊ आणि हौशी हातांनीं बांधलेलें घर उद्यां कोणाच्या अंगावर पडलें तर? किल्लारी आपल्यापासून फार दूर नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत साडेसात हजारांहून अधिक माणसें गेलीं, तीं बहुतेक स्वतःच्या घरांखालीं. दगडाच्या जाड दुपदरी भिंती, पोटांत चिखलमाती, दोन पदरांना एकत्र बांधणारे आरपार दगड नाहींत, आणि वर माळवदाच्या मातीचा प्रचंड भार. धक्का बसतांच पदर फुटून वेगळे झाले आणि छप्पर खालीं आलें. तीं घरें कांहीं हौशी लोकांनीं बांधलीं नव्हतीं. पिढ्यान् पिढ्या जसें बांधीत आले तसेंच बांधलीं होतीं. पुढें पुनर्वसनांत कांहीं गांवें नव्या जागीं वसलीं; पण ज्या असंख्य गांवांतून घरें जागच्या जागीं दुरुस्त झालीं, तेथें शिकविलेले गवंडी आणि अभियंते यांच्या देखरेखीखालीं घरमालकच कामाला लागले. तेव्हां भिण्यासारखी गोष्ट अज्ञान ही आहे, नवखा हात नव्हे. नवख्या हातावर निदान कोणाचें तरी लक्ष असतें. मोडनिंबचें तें घर नेमकें जेथें थांबलें आहे, तेथेंच चौकटीच्या माथ्यावरून चारही भिंतींना एकत्र जखडणारा काँक्रीटचा पट्टा यावयाचा असतो. साऱ्या घरांत एखादा थर निदेशकाच्या नजरेखालीं घातला जावा असा असेल, तर तो हाच.

कोणी म्हणेल, स्वयंसेवकांचें घरबांधणें हें छायाचित्रापुरतेंच. त्याचेंही उदाहरण आपल्याकडे आहे. ऑक्टोबर २००६ च्या अखेरीस अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर, वयाच्या ८२ व्या वर्षीं, लोणावळ्याजवळ मळवली येथें देशोदेशींच्या स्वयंसेवकांसह स्वतः हातांत थापी घेऊन राबले, आणि हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेच्या त्या उपक्रमांत १०० घरें उभीं करण्याचा संकल्प होता. आम्ही त्याची थट्टा करणार नाहीं. ज्याला घर मिळतें त्यानें स्वतः घाम गाळावा आणि कर्ज नफ्याविना फेडावें, हें १९७६ सालीं स्थापन झालेल्या त्या संस्थेचें तत्त्व आपल्या दानशूरांनीं शिकण्याजोगें आहे. पण आठवड्याभरांत भिंती चढतात तेव्हां पाया आधींच कोणीतरी खणलेला असतो. आणि पाहुणे परतले कीं कसबही त्यांच्याबरोबर परततें. घर राहतें, गवंडी राहत नाहीं. व्यवसायशाळेचीं मुलें मध्यें आलीं म्हणजे दोन्ही राहतात.

आणि ही कल्पना आमची आहे असेंही नाहीं. त्याच आवास योजनेंत ग्रामीण गवंड्यांसाठीं ४५ दिवसांच्या प्रशिक्षणाची सोय झाली. शिकणाऱ्यांनीं प्रत्यक्ष लाभार्थ्याचें घर बांधीत शिकावयाचें, असा तिचा क्रम. म्हणजे सरकारला जें सुचलें तें महाविद्यालयांना सुचूं नये! राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर समाजसेवेच्या कामाला श्रेयांकही मिळूं लागले. झाडाच्या बुंध्याला चुना लावून ते मिळवावयाचे कीं चौकटीवरचा थर चढवून, एवढेंच आपण ठरवावयाचें आहे.

अटी मात्र आमच्या दोन आहेत. शिकाऊ गवंड्यास त्याच्या कामाचे दिवसाचे पैसे मिळालेच पाहिजेत. फुकट राबविण्यास तो कोणाचा वेठबिगार नव्हे, आणि आमच्या मुलांस ज्या सेवेचें पुण्य परवडतें तें त्याला परवडत नाहीं. शिवाय गांवांतला एक जाणता गवंडी पगार देऊन उस्ताद म्हणून नेमावा, म्हणजे पोट मारल्याची ओरडही होणार नाहीं. हा पैसा शाल, नारळ, मंडप आणि पाहुण्यांच्या गाड्या यांतून निघण्यासारखा आहे. आमच्या शिबिराचा खर्च आम्हीं स्वतः लिहिलेला आहे, म्हणून सांगतों.

गेल्या महिन्यांत आम्ही पुन्हां मोडनिंबास गेलों आणि त्या बाईस हें सारें समजावून सांगितलें : सात दिवस, चाळीस मुलें, त्यांत गवंडीकामाचीं बारा, वर निदेशक आणि उस्ताद, पट्टा पडला कीं तो भिजत ठेवण्याचें काम मात्र तिचें आणि तिच्या मुलाचें. कडबा कोठें हलवावा याचा विचार करीत ती कांहीं वेळ भिंतीकडे पाहत उभी राहिली. मग म्हणाली, "सर, पोरं समदी जेवायला हितंच असत्याल का?"