समृद्धी की कसारा घाट? भरलेल्या ट्रकसाठी जवळचा रस्ताच चांगला का नसतो?

समजा, सिन्नरच्या एमआयडीसीतून माल भरून एक दहा चाकी ट्रक न्हावा शेवा बंदराकडे निघाला आहे. इगतपुरीच्या पुढे जायला चालकासमोर दोन रस्ते आहेत. एक, नेहमीचा मुंबई-नाशिक महामार्ग, म्हणजे कसारा घाट. दुसरा, समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा. तो ५ जून २०२५ रोजी सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा अख्खा महामार्ग खुला झाला.

कारवाल्यासाठी उत्तर सोपं आहे. मोबाइलवर नकाशा उघडायचा आणि कमी वेळ दाखवेल तो रस्ता धरायचा. पण ट्रकचं गणित इतकं सोपं नाही.

मोबाइलचा नकाशा कुठे कमी पडतो?

आपण रोज वापरतो त्या बहुतेक नकाशा अ‍ॅपमध्ये कार, दुचाकी, पायी असे पर्याय असतात. गाडीत किती टन माल आहे, ती किती उंच आहे, तिला किती अ‍ॅक्सल आहेत, हे अ‍ॅप विचारत नाही. त्यामुळे ते शोधून देतं तो कारचा रस्ता. गावातला अरुंद पूल, रेल्वेखालचा बुटका बोगदा, अवजड वाहनांना ठरावीक वेळेत असलेली शहरबंदी, या गोष्टी चालकाला स्वतःच माहीत असाव्या लागतात. घाटाचा उतार तर अ‍ॅपच्या हिशेबात फक्त 'काही मिनिटं जास्त' एवढाच असतो.

घाट उतरताना नेमकं काय होतं?

तीन अ‍ॅक्सलच्या दहा चाकी ट्रकला मालासह २८.५ टन वजनाची परवानगी आहे. २०१८ मध्ये केंद्राने ही मर्यादा २५ टनांवरून वाढवली. इगतपुरी ते कसारा या पट्ट्यात गाडी साधारण ३०० मीटर खाली येते. एवढं वजन एवढं खाली आणताना जी ऊर्जा सुटते, तिच्यात जवळपास २८० लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापेल. यातली काही ऊर्जा टायरच्या घर्षणात आणि हवेच्या विरोधात जाते. उरलेली इंजिनने किंवा ब्रेकने पचवायची असते.

सगळा भार ब्रेकवर टाकला तर ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनरची पकड कमी होते आणि पाय दाबूनही गाडी थांबत नाही. बातम्यांत आपण 'ब्रेक फेल' वाचतो, त्यात अनेकदा ब्रेक तुटलेला नसतो. तो तापून निकामी झालेला असतो.

मग समृद्धीने काय फरक पडतो?

उंची दोन्हीकडे उतरावीच लागते, त्यामुळे एकूण ऊर्जा तेवढीच राहते. फरक पडतो तो ती किती वेळात सुटते याने. तेवढीच उंची दुप्पट लांबीच्या रस्त्यावर त्याच वेगाने उतरली, तर दर मिनिटाला तयार होणारी उष्णता निम्मी होते आणि ब्रेकला गार व्हायला वेळ मिळतो. समृद्धीवर इगतपुरीजवळच्या सुमारे ८ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यामुळे कसारा घाटातली वळणं टळतात. वळणावर अचानक जोरात ब्रेक मारायची वेळही कमी येते.

मात्र रस्ता सरळ आहे म्हणून वेग वाढवला, तर हा फायदा हातचा जातो. समृद्धीवर अवजड वाहनांना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. भरलेल्या गाडीने उतारावर त्याहून कमीच राहिलेलं बरं.

टोलचा हिशेब काय?

एप्रिल २०२५ पासूनच्या दरानुसार समृद्धीवर तीन अ‍ॅक्सलच्या व्यावसायिक वाहनाला किलोमीटरमागे ७ रुपये ६० पैसे टोल आहे. इगतपुरी-आमणे टप्प्याचे साधारण ५७८ रुपये होतात. डिझेल ९० रुपये लिटर धरलं तर हे साडेसहा लिटरहून थोडं कमी. जुन्या महामार्गावरही टोल आहे, त्यामुळे प्रत्यक्ष फरक याहून कमी निघेल. आणि आमणे म्हणजे बंदर नव्हे. तिथून पुढे भिवंडी, मुंब्रा बायपास, कळंबोलीची कोंडी दोन्ही वाटांना सारखीच.

खरा प्रश्न हे पैसे कोण देतं हा आहे. अनेक ठिकाणी चालकाला फेरीचा खर्च एकरकमी दिला जातो. त्यातून वाचेल ते त्याचं. अशा व्यवस्थेत टोल त्याच्या खिशातून जातो आणि घाटातला धोकाही त्याच्याच वाट्याला येतो. मग तो घाट धरतो यात नवल नाही. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवयही इथूनच येते.

न्यूट्रल केल्याने डिझेल वाचतं का?

आजच्या इलेक्ट्रॉनिक इंधनप्रणालीच्या इंजिनात नाही. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनला डिझेल जाणं जवळपास थांबतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं आणि इंजिनचा रोध मिळत नाही तो वेगळाच. इंजिन बंद करणं तर त्याहून घातक. एअर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि स्टिअरिंग जड होतं. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलावर एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. ब्रेक निकामी झाले नव्हते, चालकाने उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं तेव्हा प्राथमिक तपासातून पुढे आलं होतं.

जादा माल भरला तर?

२८.५ ऐवजी ३३.५ टन भरले तर ब्रेकवरची उष्णता साडेसतरा टक्क्यांनी वाढते. रस्त्याची झीज मात्र अ‍ॅक्सलवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, असं अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या चाचण्यांतून दिसलं. म्हणजे ती जवळपास दुप्पट. दंड २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, एकूण ३० हजार रुपये. समृद्धीचा टोल यापुढे किरकोळ आहे.

तर मग कोणता रस्ता?

गाडी भरलेली आणि उतरणीची असेल तर समृद्धी. रिकामी परतत असेल तर वजन साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतं आणि महामार्गाचा चढ तिला जड जात नाही. तेव्हा टोल वाचवायला हरकत नाही. घाटानेच उतरायचं असेल तर उतार सुरू होण्याआधी थांबून ब्रेक तपासावेत, खालचा गिअर टाकावा आणि तो पायथ्यापर्यंत बदलू नये.

पण हा निर्णय एकट्या चालकावर सोडून चालणार नाही. माल पाठवणाऱ्याने भाडं ठरवतानाच टोल वेगळा, पावतीप्रमाणे द्यायचं मान्य केलं, तर घाट धरण्याचं चालकाचं मुख्य कारणच संपतं. यात कारवाल्यांचाही संबंध आहे. घाटात ब्रेक सुटलेल्या ट्रकच्या पुढे बहुतेक वेळा एखादी कारच असते.