गॉगलमधून दिसणारे अर्धे आकाश

ड्रोन उडवण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत चालक मान वर करून ड्रोनकडे पाहतो. दुसरीत तो डोळ्यांवर बंद गॉगल चढवतो आणि ड्रोनवरचा कॅमेरा जे टिपतो, तेच पाहत उडवतो. ही दुसरी पद्धत म्हणजे ‘फर्स्ट पर्सन व्ह्यू’, अर्थात एफपीव्ही. शर्यतींच्या छंदातून आलेले हे तंत्र युक्रेन युद्धामुळे घरोघरी माहीत झाले. आता ते लग्नाच्या आणि कारखान्यांच्या चित्रीकरणातही दिसते. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून ड्रोनवरील जीएसटी ५ टक्के झाला. खासगी वापराच्या ड्रोनवर तो २८ टक्के होता. चिंचवडसारख्या दाट वस्तीच्या उद्योगनगरीत म्हणूनच प्रश्न पडतो, की गॉगलमधून नेमके किती दिसते?

पहिली अडचण उशिराची. डिजिटल यंत्रणेत चित्र गॉगलपर्यंत पोहोचायला साधारण ३० मिलिसेकंद लागतात. माणसाची प्रतिक्रिया येण्यास आणखी पाव सेकंद. ताशी १०० किलोमीटर वेगाचा ड्रोन तेवढ्यात जवळपास आठ मीटर पुढे गेलेला असतो.

दुसरी अडचण खोलीची. कॅमेरा एकच असल्याने दोन्ही डोळ्यांना सारखेच चित्र मिळते आणि अंतराचा अंदाज चुकतो. बारीक तारा तर चित्रात हरवूनच जातात. चिंचवडमधून जाणाऱ्या लोहमार्गावरील तारांत २५ हजार व्होल्टचा दाब असतो. शिवाय ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरी काँक्रीट आणि पत्र्याच्या शेडमागे अडतात. ऐन वळणावर चित्र तुटते.

तिसरी अडचण शरीराची. डोळे सांगतात गिरकी घेतली, कानाच्या आतील तोल सांभाळणारा अवयव सांगतो शरीर स्थिर आहे. या विसंगतीतून मळमळ आणि चक्कर येते. त्यामुळे नवशिक्याने आधी संगणकावरील सिम्युलेटरवर सराव करावा आणि उडवताना खुर्चीत बसावे.

‘ड्रोन नियम २०२१’नुसार २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालक प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायचा, तर चालक प्रमाणपत्र आणि त्रयस्थ विमा दोन्ही हवेत. हवाई क्षेत्राचे निर्बंध मात्र लहानमोठ्या सर्वच ड्रोनना लागू आहेत. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीविना उड्डाण करता येत नाही. देहूरोडचे लष्करी डेपो, दापोडीचे सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय, दिघीची संरक्षण संशोधन संस्था असा शेजार असलेल्या शहरात उड्डाणापूर्वी ‘डिजिटल स्काय’चा नकाशा पाहणे अटळ आहे.

नकाशा पाहिला तरी गॉगलबाहेरचे आकाश चालकाला दिसत नाही. ब्रिटन आणि अमेरिकेत म्हणूनच एफपीव्ही चालकाजवळ उभे राहून उघड्या डोळ्यांनी ड्रोनवर लक्ष ठेवणारा निरीक्षक आवश्यक मानला जातो. येणारे हेलिकॉप्टर, पक्ष्यांचा थवा, खाली जमलेली गर्दी तोच वेळेत पाहू शकतो. चित्रीकरणासाठी ड्रोन बोलावणाऱ्या यजमानांनी आणि कारखान्यांनी दर ठरवण्याआधी एवढेच विचारावे, की चालकासोबत निरीक्षक कोण येणार?