हरण्यातही आनंद असतो, पण तो शिकवावा लागतो

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की अनेक घरांत माळ्यावरचा बुद्धिबळाचा पट खाली उतरतो. एखादे प्यादे हरवलेले असते, त्याच्या जागी शर्टाचे बटण येते. रविवारी दुपारी वडील मुलाला समोर बसवतात. घोड्याची अडीच घरे समजावताना अर्धा तास जातो. पहिला डाव गमतीत होतो, दुसऱ्यात मुलाचा वजीर मरतो आणि तिसऱ्यात पटच उधळला जातो. मोहरे पलंगाखाली, मुलगा आईच्या पदराआड आणि आईचे ठरलेले वाक्य, ‘अहो, लहान आहे तो. एक डाव हरलात तर काय बिघडेल?’

प्रश्न साधा वाटतो. पण मुलाच्या मनाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

मुद्दाम हरावे का?

सापशिडीत हरले, तर फासा वाईट पडला असे म्हणता येते. बुद्धिबळात नशिबाला जागा नाही. प्रत्येक चाल आपलीच, म्हणून चूकही आपलीच. ‘मी हरलो’ याचा अर्थ मूल ‘मी ढ आहे’ असा लावते. ते पाहवत नाही म्हणून मोठी माणसे आपला वजीर मुद्दाम मारात ठेवतात.

अगदी लहान मुलांच्या बाबतीत हे खपून जाते. पण मूल जरा जाणते झाले, की त्याला ही लबाडी कळते. मग ते फक्त त्या विजयावरचा विश्वास गमावत नाही. ‘छान खेळलास’ हे खोटे असेल, तर ‘चित्र छान काढलेस’ हे तरी खरे कशावरून, अशी शंका त्याच्या मनात डोकावू लागते. एका डावासाठी ही किंमत फार मोठी आहे.

याउलट काही वडील पहिल्या चार चालींतच मात करतात आणि वर पाहुण्यांसमोर त्याची थट्टाही करतात. त्यात मुलाचे शिक्षण होत नाही, मोठ्यांची हौस तेवढी भागते.

बरोबरीचा डाव

यावर जुना आणि प्रामाणिक उपाय आहे. मोठ्या माणसाने सुरुवातीलाच आपला वजीर पटावरून उतरवावा आणि तसे उघड सांगावे. मग मात्र मनापासून खेळावे. मूल लागोपाठ तीन डाव जिंकले, की वजीर परत घ्यावा आणि एक हत्ती उतरवावा. पुढे घोडा, मग एखादे प्यादे. मोहऱ्यांची किंमत साधारण अशी धरतात : प्यादे १, घोडा आणि उंट प्रत्येकी ३, हत्ती ५ आणि वजीर ९. सवलत किती कमी झाली हे मुलाला आकड्यांत दिसते. आपली प्रगती त्याला स्वतःच मोजता येते आणि जिंकलेला डाव त्याचा स्वतःचा असतो.

अगदी नवशिक्या मुलांना सगळे मोहरे एकदम देऊ नयेत. दोन्हीकडे फक्त आठ-आठ प्यादी मांडावीत. ज्याचे प्यादे आधी शेवटच्या घरात पोचेल तो जिंकला. डाव पाच-दहा मिनिटांत संपतो आणि हरले तरी लगेच दुसरा मांडता येतो.

चाल परत घेण्यावरून घरोघरी भांडणे होतात. त्याचा नियम आधीच ठरवावा. मुलाला एका डावात तीन वेळा चाल परत घेण्याची मुभा, मोठ्यांना एकदाही नाही. आजोबा खेळणार असतील, तर नियमांची चर्चा आणखी आवश्यक. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाते, तर शाळेतल्या स्पर्धेत दोन घरे चालते. कोणते नियम लागू, हे पट मांडतानाच बोलून घ्यावे. आजोबांचे चुकीचे आणि सरांचे बरोबर असे मात्र मुलाला सांगू नये.

डाव संपल्यावर

खरे शिक्षण मात झाल्यानंतरच्या पाच मिनिटांत असते. त्या वेळी उपदेश नको. रडू आले तर येऊ द्यावे. मग डाव जिथे फिरला ती स्थिती पुन्हा मांडून ‘इथे तू दुसरे काय करू शकला असतास?’ एवढेच विचारावे. चूक त्याची त्याला सापडली, की चेहरा आपोआप खुलतो.

मोठ्या खेळाडूंचे उदाहरणही इथे कामी येते. २०२४ मध्ये सिंगापूरला डी. गुकेश जगज्जेतेपदाच्या लढतीतला पहिलाच डाव हरला होता. बारावाही हरला. तरी चौदावा डाव जिंकून अठराव्या वर्षी तो जगज्जेता झाला. अर्थात घरातल्या प्रत्येक मुलाला गुकेश करण्याचा हट्ट नको. पटावर बसून तासभर एकमेकांकडे लक्ष देणे, हाच मोठा लाभ आहे.

आणि पट फक्त मुलासाठी उतरवू नये. मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी राष्ट्रीय महिला स्पर्धेच्या पहिल्या तीन वर्षांत, म्हणजे १९७४ ते १९७६ मध्ये, एकेक करून विजेतेपद घरी आणले. रोहिणी तेव्हा तेरा वर्षांची होती. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. विश्वनाथन आनंदला हा खेळ शिकवला तो त्याच्या आईने. तेव्हा ‘मला नाही त्यातले कळत’ म्हणून स्वयंपाकघरात जाणाऱ्या आईनेही मुलांबरोबर शिकायला बसावे. आईलाही चुकताना आणि हरताना पाहिले, की मुलांना आपल्या हरण्याचे ओझे वाटत नाही.

असे खेळत राहिले, की एक दिवस वजीर, हत्ती सगळे पटावर असूनही मूल वडिलांवर मात करते. त्या दिवशी परीक्षा वडिलांची असते. ‘माझे लक्ष नव्हते’ असे त्यांनी म्हटले, तर इतक्या वर्षांचे शिकवणे वाया गेले. हात पुढे करून ‘आज तू माझ्यापेक्षा चांगला खेळलास’ असे म्हणता आले, तर हरावे कसे हे मुलाला वेगळे शिकवावे लागणार नाही.