द्वारकेत जागा आहे, सबब नाही

द्वारका म्हटले की मराठी मनाला श्रीकृष्णाची नगरी आठवते, आणि नाशिककरांना वाहतूक कोंडीचा चौक. येथे विषय तिसऱ्या द्वारकेचा आहे. दिल्लीच्या नैर्ऋत्येला पप्पनकलां प्रकल्प म्हणून आखली गेलेली आणि दिल्ली विकास प्राधिकरणाने, म्हणजे डीडीएने, गेल्या चार दशकांत वसवलेली ही उपनगरी आहे. क्षेत्रफळ सुमारे ५,६०० हेक्टर. सेक्टरांची आखीव रचना, सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या रांगा आणि ४५ ते ६० मीटर रुंदीचे मुख्य रस्ते. पुराणातली द्वारका समुद्रात बुडाली. ही द्वारका उभ्या केलेल्या मोटारींत बुडत चालली आहे.

सायकलीसाठी सुरक्षित रस्ते मागितले की भारतातल्या प्रत्येक पालिकेकडे एक ठेवणीतले उत्तर असते : जागा कुठे आहे? पुण्याच्या पेठांत, मुंबईच्या गिरगावात किंवा जुन्या दिल्लीत ते उत्तर निदान ऐकून घेण्याजोगे तरी असते. द्वारकेत ते टिकत नाही. ६० मीटरच्या रस्त्याच्या दोन्ही कडांना अडीच-अडीच मीटरचा सायकल मार्ग काढला, तर एकूण ५ मीटर लागतात. रस्त्याच्या रुंदीचा बारावा हिस्सा. कोऱ्या कागदावर आखलेल्या, एकाच संस्थेच्या हाती जमीन असलेल्या नगरीत जर मुलाला सायकलने शाळेत पाठवताना आईच्या पोटात गोळा येत असेल, तर जागेची सबब इतर शहरांतही जरा संशयानेच ऐकायला हवी.

पण सायकल मार्गाचा तो बारावा हिस्सादेखील या वादाचा गाभा नाही, आणि सायकलप्रेमी मंडळींची चूक येथेच होते. हिरवा किंवा लाल पट्टा मुख्य रस्त्याच्या कडेला रंगवला, त्यावर सायकलीचे चित्र काढले, छायाचित्र छापून आले की त्यांना अर्धी लढाई जिंकल्यासारखे वाटते. सायकलचा प्रवास मात्र मुख्य रस्त्यावर सुरू होत नाही. तो सोसायटीच्या फाटकातून, सेक्टरच्या अंतर्गत रस्त्यावर सुरू होतो आणि बहुतेक वेळा तेथेच संपतो. शाळा, वाणी, दवाखाना, मेट्रो स्थानक. दहा मिनिटांत ताशी ५ किलोमीटरने चालणारा माणूस सुमारे ८३० मीटर जातो, तर ताशी १५ किलोमीटरने जाणारा सायकलस्वार अडीच किलोमीटर. वेग तिप्पट, म्हणून आवाक्यातले क्षेत्र नऊपट. अडीच किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ साडेएकोणीस चौरस किलोमीटर भरते; अशा तीन वर्तुळांएवढीच सारी द्वारका आहे. सेक्टर १४ पासून सेक्टर ८ पर्यंत मेट्रोची स्थानके साधारण एकेका किलोमीटरवर उभी आहेत. सायकलीला इतकी अनुकूल भूमिती भारतात क्वचितच एखाद्या वसाहतीच्या वाट्याला आली असेल. शिवाय जमीन सपाट आहे, चढ नाहीत.

मग अडते कुठे? वेगावर.

विद्यार्थ्यांनी हे गणित कागदावर एकदा करून पाहावे. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत चालकाला साधारण एक सेकंद लागतो. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर, तेवढे अंतर मोटार ब्रेक न लागताच कापते. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक दर सेकंदाला सेकंदी ७ मीटर या दराने वेग उतरवतात असे धरले, तर थांबायला आणखी १३.८ मीटर लागतात. एकूण सुमारे २८ मीटर. ताशी ३० किलोमीटरला हेच आकडे ८.३ आणि ५ मीटर असे येतात, म्हणजे एकूण १३.३ मीटर. आता हे दोन आकडे शेजारी ठेवावेत. फाटकातून अचानक एक मूल सायकलवर बाहेर आले आणि ते मोटारीपासून साडेतेरा मीटरवर आहे. ३० ने येणारी मोटार त्याच्या पुढ्यात थांबते. ५० ने येणारी मोटार त्याच बिंदूवर अजून पूर्ण ५० च्या वेगात असते, कारण चालकाचा पाय ब्रेकवर पोचलेलाच नसतो. एक गाडी थांबलेली, दुसरीचा वेग तसूभरही उतरलेला नाही. या फरकाला ‘थोडा जास्त वेग’ म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने धडकेतली ऊर्जा पावणेतीन पटींहून जास्त होते, ते वेगळेच. सरासरी वेग १ टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होती, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल म्हणतो.

आता कायदा पाहावा, म्हणजे विनोद कळेल. दिल्ली वाहतूक पोलिसांनी २०२१ मध्ये वेगमर्यादा नव्याने जाहीर केल्या. त्यानुसार निवासी भागातील अंतर्गत रस्ते, बाजार आणि सेवा रस्ते यांवर मर्यादा ताशी ३० किलोमीटर आहे. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी २०२० मध्ये, स्टॉकहोमच्या जागतिक मंत्री परिषदेने पादचारी-सायकलस्वार आणि मोटारी जेथे एकत्र येतात तेथे हीच मर्यादा सुचवली होती. म्हणजे द्वारकेच्या सेक्टरांतर्गत रस्त्यांवर ३० ची मर्यादा मागायची गरजच नाही. ती आधीच लागू आहे. फक्त रस्त्याला कोणी ते कळवलेले नाही. सरळ, रुंद, अडथळा नसलेला डांबरी पट्टा चालकाला पावलोपावली सांगत असतो की येथे ६० ने जा. लोखंडी फलक म्हणतो ३०. या दोघांच्या भांडणात फलक आजवर कधी जिंकलेला नाही, आणि प्रत्येक फाटकापाशी पोलीस उभा करता येत नाही.

रस्त्याची भूमिती मात्र चोवीस तास उभी असते. वळणाचेच उदाहरण घ्यावे. मुख्य रस्त्यावरून सेक्टरमध्ये शिरणारे वळण जितके मोठे आणि गोलसर, तितक्या वेगाने मोटार आत घुसते. चालकाला सहज सोसणारे पार्श्व त्वरण सेकंदाला सेकंदी ३ मीटर धरले, तर १५ मीटर त्रिज्येच्या वळणावरून मोटार ताशी सुमारे २४ किलोमीटरने आरामात जाते. त्रिज्या ५ मीटर केली की वेग १४ वर येतो. त्यासाठी लागते काय, तर कोपऱ्यावर थोडे काँक्रीट आणि पदपथाची कड पुढे आणणे. दिल्लीतल्या बऱ्याच मोठ्या चौकांप्रमाणे थांबा न घेता डावीकडे वळू देणारा स्वतंत्र पट्टा असेल, तर तो बंद करणे. सेक्टरच्या तोंडाशी रस्ता पदपथाच्या उंचीला उचलणे, म्हणजे पादचाऱ्याला खाली उतरावे लागत नाही. मोटारीला वर चढावे लागते. सरळ रस्त्यात दर काही अंतरावर किंचित वाकण देणे. (पाठीचा मणका सरकवणारा, रात्री न दिसणारा आणि सायकलस्वारालाच आधी पाडणारा आपला देशी गतिरोधक या यादीत नाही.)

यातले काहीही क्रांतिकारक नाही. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. तेथील पालक रस्त्यावर उतरले. आज ज्या देशाची सायकल संस्कृती ‘त्यांच्या रक्तातच आहे’ असे आपल्याकडे सांगितले जाते, तो देश तेव्हा मोटारींसाठी चौक रुंद करण्यात गुंतला होता. डेल्फ्ट शहरात घरांपुढच्या गल्ल्यांतून मोटारीला पाहुण्यासारखे वागवणारी रचना आकाराला आली आणि १९७६ मध्ये तिला कायद्याचे स्थान मिळाले. रक्ताचा संबंध असलाच, तर तो रस्त्यावर सांडलेल्या रक्ताशी होता.

आपल्याकडेही ज्ञानाची टंचाई नाही, आणि येथे डीडीएला थेट जाब विचारायला हवा. रस्ते व वाहतुकीच्या आखणीसाठी डीडीएनेच २००८ मध्ये यूटीपेक हे केंद्र स्थापन केले. या केंद्राने २०१० च्या सुमारास दिल्लीसाठी रस्ता-रचनेची मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. लहान त्रिज्येची वळणे, उचललेली ओलांडणी, सायकलींसाठी वेगळी जागा, सारे त्यांत आहे. इंडियन रोड्स काँग्रेसची सायकल मार्गांविषयीची संहिता तर १९६२ सालची आहे आणि २०१५ मध्ये ती सुधारली गेली. म्हणजे नगरी वसवणारी संस्था तीच, मार्गदर्शक पुस्तक लिहिणारी संस्था तीच, आणि पुस्तक व नगरी यांची गाठ मात्र पडत नाही. एका हाताने लिहिलेले दुसऱ्या हाताला वाचता येऊ नये, हा दोष तंत्रज्ञानाचा नव्हे.

त्याऐवजी आपल्याला सोहळे मिळतात. २२ नोव्हेंबर २०१५ रोजी दिल्ली सरकारचा दुसरा कार-मुक्त दिवस द्वारकेतच साजरा झाला. नेते सायकलवर बसले, छायाचित्रे निघाली. सोमवार उजाडला तेव्हा रस्त्याची एकही कड हललेली नव्हती. अशा दिवसांमुळे एक अपायही होतो. सायकल म्हणजे रविवारची हौस, हेल्मेट-चष्म्यातली कसरत, असा समज पक्का होतो. पण सोमवारी सकाळी सहा वाजता द्वारकेच्या रस्त्यावर सायकलने येणारा माणूस हौशी नसतो. तो रात्रपाळी संपवून घरी जाणारा रखवालदार असतो, वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा असतो, गवंडी असतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशात शेती व घरगुती उद्योग वगळता इतर कामगारांपैकी सुमारे १३ टक्के सायकलने कामाला जात होते; मोटारीने जाणारे ३ टक्क्यांहूनही कमी. रस्त्यांची आखणी करताना डोळ्यांसमोर कोणते टक्के असतात, हे रस्त्याकडे पाहून कळते.

सोसायट्यांच्या कुंपणभिंतींचाही हिशोब मांडायला हवा. तो मध्यमवर्गाला आवडणार नाही. समजा, घराच्या खिडकीतून शाळा दिसते, सरळ रेषेत ३०० मीटरवर. पण सोसायटीचे फाटक विरुद्ध बाजूला, शेजारच्या सोसायटीची भिंत सलग, आणि शाळेचे फाटक मुख्य रस्त्यावर. अंतर सहज किलोमीटरभर होते, आणि त्यातला मोठा हिस्सा वेगवान रस्त्याच्या कडेने. मग आई मुलाला मोटारीने सोडते, आणि तिची मोटार दुसऱ्या मुलासाठी धोका होते. भिंतीत पादचारी व सायकल जाईल एवढे, मोटार जाणार नाही असे दीड मीटरचे दार ठेवले तर हा फेरा सुटतो. सुरक्षेचा प्रश्न येईल. त्याला रखवालदार आणि रात्री कुलूप हे उत्तर आहे. सोसायटीत चोर शिरण्याची भीती जितक्या तळमळीने मांडली जाते, तितक्या तळमळीने फाटकाबाहेरच्या वेगाची भीती मांडली गेल्याचे दिसत नाही.

आक्षेपांपैकी सर्वांत वजनदार म्हणून बीआरटीचा दाखला दिला जातो. आंबेडकर नगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा मार्ग २००८ मध्ये सुरू झाला. त्यात सायकलींसाठी वेगळी वाट होती. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो बंद करण्याची मागणी फेटाळली. तरी २०१६ मध्ये तो उखडला गेला. या प्रकरणातून ‘दिल्लीत सायकल चालत नाही’ असा निष्कर्ष काढणारे विसरतात की भांडण मोटारींच्या पट्ट्यावरून होते. सायकलींची वाट त्या भांडणात ओल्याबरोबर सुके जळावे तशी गेली. शिवाय तो शहराचा मुख्य मार्ग होता. सेक्टरांतर्गत रस्ता शांत करताना कोणाही बसचा, कोणाही रुग्णवाहिकेचा महामार्ग अडत नाही.

प्रदूषणाचा आक्षेप प्रामाणिक आहे. सायकलस्वार जास्त श्वास घेतो, आणि नोव्हेंबरातल्या दिल्लीत ते सुखाचे नाही. पण वाहनांच्या धुरातली काजळी आणि अतिसूक्ष्म कण वर्दळीच्या रस्त्यापासून शे-दोनशे मीटरांत झपाट्याने घटतात. पीएम २.५ तितके घटत नाही, हेही खरे. तरी सायकलला मुख्य रस्त्याच्या कडेला ढकलण्यापेक्षा सेक्टरच्या आतून, झाडांच्या सावलीतून वाट देण्याच्या बाजूनेच हा पुरावा जातो. उन्हाळ्याचे म्हणाल, तर पायी स्थानकाकडे जाणारा माणूस त्याच उन्हात तिप्पट वेळ असतो.

राहता राहिले पार्किंग, आणि खरी अडचण तीच आहे. बाकीचे आक्षेप बऱ्याचदा तिचेच मुखवटे असतात. सोसायटीच्या आत न मावणारी दुसरी-तिसरी मोटार सार्वजनिक रस्त्यावर फुकट उभी राहते, आणि कड पुढे आणायची म्हटले की तीच पहिली हलवावी लागते. दिल्लीचे पार्किंगविषयक नियम २०१९ पासून अस्तित्वात आहेत. भागनिहाय पार्किंग आराखडे करायला ते सांगतात. त्याच वर्षीच्या सुधारित मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ नुसार, सुरक्षेची मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर रस्त्याची जबाबदारी असलेल्या प्राधिकरणाला, ठेकेदाराला, सल्लागाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एका जिवाची ही किंमत हास्यास्पद आहे. पण जबाबदारी चालकापाशी संपत नाही, हे तत्त्व कायद्याने मान्य केले आहे.

हे सारे वाचून महाराष्ट्रातल्या वाचकाने सुटकेचा निःश्वास टाकू नये. सिडकोने १९७० नंतर वसवलेली नवी मुंबई सेक्टरांचीच आहे आणि तिचे रस्तेही रुंदच आहेत. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून मिरवलेल्या पुण्याने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्यानंतर पेठेतल्या गल्लीत मोटारीचा वेग किती उतरला, हे पुणेकरांनीच सांगावे.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. द्वारकेच्या सेक्टर ३ मध्ये नेताजी सुभाष तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. तेथल्या विद्यार्थ्यांना एक दुपार पुरेल. सेक्टरच्या आतल्या सरळ रस्त्यावर फीत लावून ५० मीटरचे अंतर खडूने आखावे, पदपथावर उभे राहावे आणि भ्रमणध्वनीतले घड्याळ हाती घ्यावे. ताशी ३० किलोमीटरची मोटार हे अंतर बरोबर ६ सेकंदांत कापते. ४ सेकंदांत कापणारी मोटार ४५ ने जात असते. शंभर मोटारींच्या नोंदी घ्याव्यात, त्यांतल्या ६ सेकंदांच्या आत जाणाऱ्या किती ते मोजावे, आणि तो कागद रस्त्याच्या नकाशासह डीडीएच्या आवक विभागात देऊन पोच घ्यावी.