टाचांना मुठेल की पेट्रोलियम जेली?

थंडी पडली की टाचा फुटतात आणि कोकणातल्या घरांत जुना वाद निघतो. आजी मुठेलाचा गोळा काढते, नात पेट्रोलियम जेलीची डबी. दोघींची बाजू ऐकून घेण्याजोगी आहे.

मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांतले घट्ट तेल. बिया वाळवून फोडायच्या, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा आणि वर तरंगणारे तेल काढून घ्यायचे. त्यात निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल असल्याने ते सुमारे 40 अंशांपर्यंत घट्टच राहते. म्हणून वितळवून भेगेत सोडतात. तिथे ते थिजून बसते, सुटलेले पापुद्रे दबतात आणि टाच हाताला मऊ लागते. शिवाय आमसुले करून उरलेल्या बियांना मोल येते, हे कोकणाच्या दृष्टीने लहानसहान नाही.

दुसरीकडे, रॉबर्ट चेसब्रो यांनी 1872 मध्ये पेटंट घेतलेली जेली त्वचेतून उडून जाणारे पाणी अडवते, आणि त्यात तिचा हात धरणारे फारसे काही नाही. ती खवट होत नाही, तिची अ‍ॅलर्जीही क्वचितच होते. खनिज तेलापासून बनते म्हणून घेतली जाणारी शंका मात्र रास्त आहे. तिला उत्तर शुद्धीकरणाचे: नळीवर ‘व्हाइट सॉफ्ट पॅराफिन आय. पी.’ असे छापलेले पाहून घ्यावे. घरगुती मुठेलाचा दर्जा मात्र करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतो.

ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी इसब असलेल्या 550 मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि मलम यांची तुलना केली. 2022 मध्ये आलेल्या निष्कर्षांत परिणामाच्या बाबतीत चौघांत ठळक फरक दिसला नाही. त्यात मुठेल नव्हते, टाचाही नव्हत्या. तरी जे नेमाने लावले जाईल ते घ्यावे, या मताला त्यातून बळ मिळते. चिकट जेलीने चादर खराब होते म्हणून जो ती लावतच नाही, त्याला मुठेलच बरे.

तरीही खोल भेगांसाठी आमचा कल जेलीकडे आहे. दोहोंतही पाणी नसते, त्यामुळे ओल आधी त्वचेत हवी: रात्री पाय धुवावेत, टिपावेत, ओलसर असतानाच जेली लावून सुती मोजे घालावेत. भेगा भरल्यावर रोजच्या निगेला मुठेल पुरेसे आहे. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना मात्र कढत मुठेलाचा चटका कळतच नाही. त्यांनी ते भेगेत सोडू नये आणि टाच फुटताच पाय डॉक्टरांना दाखवावेत.